चीजवरची ‘हार्मोन नाही’ ही ओळ आणि तिच्यामागची लेखी हमी

अमेरिकेतल्या किराणा दुकानात दूध, दही किंवा चीज घेताना वेष्टनावर पुष्कळदा एक चमत्कारिक गोष्ट वाचायला मिळते. ठळक अक्षरांत लिहिलेले असते की हा माल ज्या गायींच्या दुधाचा आहे, त्यांना वाढीचे कृत्रिम हार्मोन दिलेले नाही. आणि त्याच्याच खाली, बारीक अक्षरांत, फुलीची खूण करून लिहिलेले असते की हार्मोन दिलेल्या आणि न दिलेल्या गायींच्या दुधात कोणताही लक्षणीय फरक आढळलेला नाही. आता आपल्या मालाची तारीफ करून लगेच खाली ‘यात विशेष काही नाही’ असे छापणारा दुकानदार कोणी पाहिला आहे काय? धंद्याचा साधा उसूल असा की गिऱ्हाईकाला एक बात सांगावी. इथे एकाच डब्यावर दोन बाता, आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध.

या दोन ओळींच्या मागे तीस वर्षांचा झगडा आहे. तो समजून घेतल्याशिवाय बिनहार्मोनचे चीज शोधायचे कसे, हे कळत नाही. आणि आपल्या समाजात दुधाचा, खव्याचा, मिठाईचा, बेकरीचा कारोबार करणारे जे हजारो लोक आहेत, त्यांनी तर तो मुद्दाम समजून घ्यावा. कारण ‘अमुक घातलेले नाही’ असे सांगून माल विकण्याची पाळी आता आपल्याकडेही आली आहे.

इंजेक्शन आहे तरी काय?

गायीच्या मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची छोटी ग्रंथी असते. तिच्यातून सोमॅटोट्रॉपिन नावाचे हार्मोन निघते. ते गायीच्या शरीरात आपोआपच असते. खाल्लेल्या चाऱ्यातला किती हिस्सा अंगाला लागावा आणि किती दुधाकडे जावा, हे ठरवण्यात त्याचा हात असतो. १९३७ साली रशियन शास्त्रज्ञांनी कापलेल्या जनावरांच्या ग्रंथींचा अर्क गायींना टोचून पाहिला आणि दूध वाढल्याचे नोंदवले. पण ग्रंथी गोळा करून अर्क काढणे हा काही परवडणारा धंदा नव्हता. पुढे जीवाणूंच्या पोटी हेच हार्मोन तयार करून घेण्याची विद्या निघाली आणि कारखान्यात ते पाहिजे तेवढे बनू लागले. त्यालाच आरबीएसटी किंवा आरबीजीएच म्हणतात.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर १९९३ मध्ये मोन्सँटो कंपनीच्या ‘पोसिलॅक’ या इंजेक्शनला मंजुरी दिली आणि फेब्रुवारी १९९४ पासून ते विकले जाऊ लागले. गाय व्याल्यानंतर नवव्या आठवड्याच्या सुमाराला सुरुवात करायची आणि दर १४ दिवसांनी एक सुई द्यायची. दूध साधारण १० ते १५ टक्के वाढते. अर्थात गाय खातेही तितकेच जास्त. फुकटात कोणीच दूध देत नाही.

त्या काळी अमेरिकेत दुधाची टंचाई होती, असे कोणी समजू नये. उलट दूध इतके जादा होत होते की १९८६-८७ साली सरकारने शेतकऱ्यांना पैसे देऊन त्यांचे संपूर्ण कळप कत्तलखान्यात पाठवायला लावले होते आणि पाच वर्षे दुधाचा धंदा करणार नाही, असे लिहून घेतले होते. ज्या बाजारात माल उतू जात होता, त्याच बाजारात सात वर्षांनी माल वाढवण्याचे औषध आले. लहान गोठेवाल्यांना धास्ती वाटली ती यामुळे. दूध वाढले की भाव पडणार, आणि पडलेला भाव सोसण्याची ताकद मोठ्या कळपवाल्यालाच असते.

गायीला होणारा त्रास तर कंपनीच्या स्वतःच्या पत्रकातच लिहिलेला होता. कासदाह, म्हणजे आपले गवळी ज्याला दगडी म्हणतात ते दुखणे, वाढण्याचा धोका; गाभण राहण्यात अडचण; पचनाच्या तक्रारी. कॅनडाने १९९८ मध्ये पशुवैद्यांची समिती नेमली. तिने आधीचे प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा कासदाहाचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी आणि लंगडेपणाचा सुमारे ५० टक्क्यांनी वाढतो, असे आढळले. जानेवारी १९९९ मध्ये कॅनडाने परवानगी नाकारली. युरोपीय संघाने त्याच वर्षाच्या अखेरीस कायमची बंदी घातली आणि ती १ जानेवारी २००० पासून लागू झाली. दोन्ही ठिकाणी कारण दिले गेले ते जनावराच्या आरोग्याचे.

माणसाच्या आरोग्याबद्दल मात्र जपून बोलले पाहिजे. हे हार्मोन प्रथिन आहे, पोटात ते पचून जाते आणि गायीचे सोमॅटोट्रॉपिन माणसाच्या शरीरावर काम करत नाही. कॅनडाने माणसांच्या आरोग्यासाठी जी वेगळी समिती नेमली होती, तिलाही मोठा धोका दिसला नाही. आयजीएफ-१ नावाचा दुसरा एक घटक अशा दुधात थोडा वाढतो, यावर वाद झाले. अमेरिकन प्रशासनाने आपले मत बदललेले नाही. कॅनडाच्या आरोग्य खात्यातले शिव चोप्रा, मार्गारेट हेडन आणि जेरार्ड लँबर्ट या तिघा शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये सिनेटसमोर साक्ष दिली की मंजुरीसाठी आपल्यावर दबाव आणला गेला. शिव चोप्रा मूळचे हिंदुस्थानी. २००४ मध्ये तिघांनाही नोकरीवरून काढण्यात आले. वाद होता तो असा. पण म्हणून ‘हे दूध जहर आहे’ असे सांगत फिरणे बरोबर नाही. ज्याला जे माहीत नाही ते त्याने सांगू नये, आणि व्यापाऱ्याने तर मुळीच नाही.

मग गिऱ्हाईकाने विचारायचेच नाही काय? असे कसे! चामड्याची चप्पल घेणारा विचारतो की चामडे बकऱ्याचे की म्हशीचे. लुगडे घेणारी बाई विचारते की रंग पक्का की कच्चा, माग हाताचा की यंत्राचा. वस्तू वापरायला सारखीच असली, तरी ती कशी बनली हे विचारण्याचा त्यांना हक्क आहे. माझे पैसे कोणत्या रीतीने बनलेल्या मालाला जावेत, हे ठरवणे म्हणजे काही भोळेपणा नव्हे.

जे तपासता येत नाही

आता खरी गोम इथे आहे. दुधात पाणी घातले तर लॅक्टोमीटर सांगतो. फॅट किती, हे संकलन केंद्रावर दोन मिनिटांत कळते. युरिया, स्टार्च, सोडा, सगळ्यांच्या चाचण्या आहेत. पण गायीला आरबीएसटी दिले होते की नाही, हे दुकानातल्या दुधावरून किंवा चीजवरून ओळखण्याची कोणतीही व्यवहारी चाचणी बाजारात नाही. कारण सोमॅटोट्रॉपिन प्रत्येक गायीच्या दुधात मुळातच अल्प प्रमाणात असते, आणि कारखान्यातले हार्मोन त्याच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे ‘हार्मोनमुक्त दूध’ हा शब्दच खोटा आहे. जगात असे दूध नाही. अमेरिकन प्रशासनाने फेब्रुवारी १९९४ मध्येच सांगितले होते की असा शब्द वापरू नका. वाटल्यास ‘ज्या गायींना हे दिलेले नाही त्यांचे दूध’ असे म्हणा, आणि सोबत फरक नसल्याचा खुलासा जोडा. बारीक अक्षरांतली ती दुसरी ओळ जन्मली ती इथे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मालात काही दिसत नसेल, तर दाव्याचा सगळा भार कागदावर आणि माणसाच्या जबानीवर येऊन पडतो. गोठेवाल्याचे प्रतिज्ञापत्र, टँकर वेगळा ठेवल्याची नोंद, कारखान्यात कोणत्या टाकीत कोणते दूध गेले याचे रजिस्टर. यातला एक दुवा तुटला तर वेष्टनावरची ओळ खोटी ठरते, आणि ती खोटी ठरल्याचे कोणाला कळतही नाही. सोनाराकडच्या सोन्याला कस लावून पाहता येतो. इथे कसोटीचा दगडच नाही. माझ्या मते, या विषयात आपल्यासारख्यांना शिकण्यासारखे जे आहे, ते सगळे या एका बाबीत आहे.

कायदा हरला, करार टिकला

व्हरमाँट हे अमेरिकेतले छोटे, दूधदुभत्याचे राज्य. तिथल्या विधिमंडळाने १९९४ मध्ये कायदा केला की हार्मोनच्या गायींचा माल दुकानात खूण करून विकावा. म्हणजे जो घालतो त्याने सांगावे. न्यायाची रीत हीच, असे आपल्याला वाटेल. पण दुग्धव्यवसायाच्या संघटना कोर्टात गेल्या आणि १९९६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. न्यायालय म्हणाले, केवळ ग्राहकाला कुतूहल आहे एवढ्यावरून व्यापाऱ्याला बोलायला भाग पाडता येत नाही. त्या दिवसापासून ओझे उलटे फिरले. जो घालतो त्याने गप्प बसावे आणि जो घालत नाही त्याने खर्च करून, कागद जमवून, वर खुलासा छापून सिद्ध करत बसावे! मला हा इन्साफ पटत नाही. पण धंदा निकालाप्रमाणे चालतो, पटण्याप्रमाणे नाही.

आणि न घालणाऱ्यालाही बोलणे सोपे नव्हते. इलिनॉय राज्यात अशी ओळ छापायलाच अडथळा होता. व्हरमाँटच्या बेन अँड जेरीज या आइस्क्रीम कंपनीने इतरांना सोबत घेऊन दावा लावला, तेव्हा कुठे १९९७ मध्ये तडजोड होऊन वाट मोकळी झाली. २००३ मध्ये मेन राज्यातल्या ओकहर्स्ट या डेअरीवर खुद्द मोन्सँटोने दावा ठोकला. ओकहर्स्टचा गुन्हा काय, तर आमचे शेतकरी कृत्रिम हार्मोन न वापरण्याची शपथ घेतात, हे पिशवीवर छापले. ही डेअरी तेव्हा एका खानदानाची होती, १९२१ पासूनची. तिची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती शेतकऱ्यांकडून नोटरीपुढे केलेली प्रतिज्ञापत्रे घेत असे आणि त्याबद्दल त्यांना भावावर वरकड पैसे देत असे. म्हणजे शब्द फुकट घेतला नव्हता, विकत घेतला होता. त्या वर्षाच्या डिसेंबरात समझोता झाला. ओकहर्स्टने आपली ओळ कायम ठेवली आणि खाली सरकारी खुलासा जोडला.

चीजच्या बाबतीत सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती ऑरेगॉन राज्यातल्या टिलामूकमध्ये. ही १९०९ सालची शेतकऱ्यांची सहकारी संस्था, तिचे चेडर सगळीकडे जाते. संस्थेच्या मंडळाने ठरवले की एप्रिल २००५ पासून कोणत्याही सभासदाने हार्मोन वापरायचे नाही. काही सभासद बिथरले. माझ्या गोठ्यात काय करायचे ते संस्था कोण सांगणार, असा त्यांचा सवाल. आतून-बाहेरून जोर लागला आणि फेब्रुवारी २००५ मध्ये सभासदांचे मतदान झाले. ८३ विरुद्ध ४३ मतांनी बंदी टिकली. महाराष्ट्रात ज्यांनी सहकारी दूध संघाची सर्वसाधारण सभा पाहिली आहे, त्यांना या आकड्यामागची आरडाओरड कल्पनेने ऐकू येईल. ४३ म्हणजे काही थोडे नव्हेत. पण मोजणी झाल्यावर संस्था फुटली नाही.

यानंतर वारे फिरले. पेनसिल्व्हेनियाच्या कृषी खात्याने २००७ मध्ये अशा ओळींवर बंदीच घालायचे ठरवले. गिऱ्हाईक इतके खवळले की जानेवारी २००८ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला. ओहायोने असेच निर्बंध आणले, त्यावर २०१० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ते जास्तीचे ठरवले. स्टारबक्सने २००७ संपता संपता आपल्या दुकानांतून असे दूध काढून टाकले, क्रोगरने २००८ च्या सुरुवातीला, वॉलमार्टने आपल्या छापाच्या दुधासाठी मार्च २००८ मध्ये तेच जाहीर केले. योप्लेट दही २००९ मध्ये त्या वाटेने गेले. ऑगस्ट २००८ मध्ये मोन्सँटोने हा सगळा धंदा ३० कोटी डॉलरला एलँको कंपनीकडे विकायचे जाहीर केले. सरकारी पाहणीत २००२ मध्ये सुमारे २२ टक्के गायींना हे इंजेक्शन दिले जात होते. २००७ मध्ये १७ टक्के, आणि २०१४ मध्ये १५ टक्क्यांहून थोडे कमी. कायद्याने कधीच मना केलेले नाही. औषध मंजूरच आहे. ते मागे हटले ते खरेदीदाराने ‘लिहून दे, मगच घेतो’ म्हटल्यामुळे.

यात वॉलमार्टसारख्या बड्यांचे कौतुक फार करायला नको. ते आले ते सगळ्यात शेवटी, गिऱ्हाईक वळल्यावर. पंधरा वर्षे कोर्टाचा खर्च आणि धमक्या सोसल्या त्या छोट्या डेअऱ्यांनी.

चीज शोधणे दुधाहून कठीण का

पिशवीचे दूध एका ठरावीक भागातल्या गोठ्यांतून येते. त्याचा माग काढता येतो. चीजचे तसे नाही. एक किलो चेडरला दहा किलोच्या आसपास दूध लागते, ते अनेक कळपांचे मिसळलेले असते, आणि चीज महिनोन् महिने मुरत ठेवतात. प्रोसेस्ड चीज तर वेगवेगळ्या कारखान्यांचे तुकडे वितळवून एकत्र केलेले असते. बिस्किटावरची चीज पावडर, चॉकलेटमधली दूध पावडर, केकमधले व्हे, यांचा मूळ गोठा कोण शोधणार? म्हणून अमेरिकेत पिशवीचे दूध लवकर सुधारले आणि चीज, पावडर मागे राहिले. वेष्टनावर ती ओळ नसेल तर हार्मोन दिलेच असेल, असे नाही. पण न दिल्याची हमी कोणी घेतलेली नाही, एवढे खरे.

तिथे राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांनी, नातलगांनी शोध घ्यायचा तर काही खुणा भरवशाच्या आहेत. ‘ऑर्गॅनिक’ची सरकारी मोहोर असेल तर हार्मोन चालत नाही, २००२ पासून हा नियम आहे आणि त्यात बाहेरच्या संस्थेची दरवर्षी तपासणी असते. महाग पडते, पण कागद पक्का. युरोपात किंवा कॅनडात तिथल्याच दुधापासून बनलेले चीज असेल तर तिकडे इंजेक्शनला मनाईच आहे. बकरी आणि मेंढीच्या दुधाच्या चीजबाबत प्रश्नच येत नाही, कारण हे औषध फक्त दुभत्या गायींसाठी मंजूर आहे. यावरून एक गंमत सांगतो. अमेरिकेत कोंबडी आणि डुकराला हार्मोन देणे मुळातच मना आहे. तरी कोंबडीच्या पाकिटावर ‘हार्मोन दिलेले नाही’ असे मोठ्याने छापतात, आणि नियमाप्रमाणे खाली कबूल करतात की ते कोणालाच देता येत नाही. जी गोष्ट सगळ्यांनाच बंद आहे ती न केल्याची शेखी मिरवायची, हा दाव्याचा सगळ्यात स्वस्त प्रकार. ‘नॅचरल’, ‘ताजे शेतावरचे’, ‘शुद्ध’ या शब्दांवरून हार्मोनबद्दल काहीच कळत नाही. डब्यावर हिरवे कुरण आणि हसरी गाय काढायला तर रंगाशिवाय काही लागत नाही.

हलालची मोहोर पाहून चीज घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. त्या मोहोरेचा चीजमधला मुख्य सवाल रेनेटचा असतो. दूध गोठवायला लागणारे हे द्रव्य पूर्वी वासराच्या पोटातून काढत. कापलेल्या जनावराच्या रेनेटबद्दल उलेमांमध्ये जुना मतभेद आहे. आता बहुतेक कारखाने जीवाणू-बुरशीपासून किंवा प्रयोगशाळेच्या रीतीने बनवलेले रेनेट वापरतात. पण रेनेटचा सवाल सुटला म्हणून गायीच्या इंजेक्शनचा सुटला, असे होत नाही. दोन सवाल वेगळे, दोन कागद वेगळे. विचारायचे तर दोन्ही विचारावेत.

आपल्याकडचे इंजेक्शन वेगळे आहे

मुंबई-पुण्यात आता काही खासगी डेअऱ्या महागडे दूध विकताना ‘हार्मोनमुक्त’ असे छापतात. शब्द अमेरिकेतून उचलला, तो झगडा मात्र कोणी वाचलेला दिसत नाही. आपल्या तबेल्यात ज्या सुईची चर्चा असते ती आरबीएसटीची नव्हे, ऑक्सिटोसिनची. दोन्ही हार्मोनच, पण काम निराळे. ऑक्सिटोसिन दूध बनवत नाही. कासेत तयार असलेले दूध खाली उतरवते. म्हणजे पान्हा घालते. शहरातल्या तबेल्यात व्यालेली म्हैस हरियाणा-गुजरातेतून विकत आणतात, पारडू पोसणे परवडत नाही, ते मरते किंवा जाते, आणि पारडू समोर नसले की म्हैस आखडते. मग सुई. एकदा सवय लागली की जनावर सुईशिवाय पान्हवतच नाही.

हे करणे कायद्यात बसत नाही. जनावरांवरील क्रूरतेला आळा घालणाऱ्या १९६० च्या कायद्याचे कलम १२ सांगते की दूध वाढवण्यासाठी फुंका, किंवा जनावराला अपाय करणारे इंजेक्शन दिले तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि जनावर सरकारजमा. आजच्या भावात हजार रुपये म्हणजे काय, ते म्हैस विकत घेणाऱ्याला सांगायला नको. भीती असेल तर जनावर जाण्याची. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना ऑक्सिटोसिन बनवायला बंदी केली होती. पण हेच औषध बाळंतपणात रक्तस्राव थांबवायला लागते. दिल्ली उच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या डिसेंबरात बंदी रद्द केली, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणजे इथेही वरून आलेला हुकूम टिकला नाही.

आणि आपल्या दुधाची खरी दुखणी कोणती? अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले. भेसळीने खाण्यास धोकादायक ठरलेले निघाले अवघे १२. अँटिबायोटिकचे अंश मर्यादेबाहेर ७७ मध्ये. आणि अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीचे विष मर्यादेबाहेर सापडले ३६८ नमुन्यांत. ते येते कुठून? बुरशी लागलेल्या पेंडीतून, ओल्या मक्यातून, गोदामात दमट राहिलेल्या सरकीतून. दूध तापवून ते जात नाही. खवा करताना दूध आटते, चीज-पनीर करताना त्याचा मोठा भाग घट्ट मालातच राहतो. मिठाईवाल्याने हार्मोनची पाटी लावायच्या आधी आपल्या गवळ्याची पेंड कुठे पडून असते ते पाहिले, तर गिऱ्हाईकाचे जास्त भले होईल. अँटिबायोटिकचा संबंध पुन्हा दगडीशी आहे. आजारी कासेला औषध दिल्यावर ठरावीक दिवस दूध बाजूला ठेवायचे असते, आणि ते नुकसान गवळी एकटा सोसतो. म्हणूनच ते बाजूला ठेवले जात नाही.

आपल्याकडे दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफवर ठरतो. जे आहे त्याचे पैसे मिळतात. जे नाही, म्हणजे सुई नाही, बुरशी नाही, औषधाचे अंश नाहीत, त्याचा एक पैसाही मिळत नाही. मग गवळ्याने ते का सांभाळावे? ‘ईमान म्हणून’ हे उत्तर देणे आपल्याला सोपे जाते, कारण म्हैस आपली नसते. ओकहर्स्टने शपथ मागताना सोबत जादा भाव दिला होता, हे मी वर मुद्दाम लिहिले ते याचसाठी. एका मोहल्ल्यातले चार मिठाईवाले आणि दोन बेकरीवाले मिळून आठ-दहा गवळ्यांचे दूध बांधून घेऊ शकतात. लिटरमागे वर काही रुपये, आणि त्याच्या बदल्यात तीन गोष्टी: पान्ह्याची सुई नाही असे सहीनिशी लिहून देणे; जनावराला कोणते औषध कधी दिले आणि किती दिवस दूध वेगळे ठेवले याची वही; पेंड कोरड्या जागी, जमिनीपासून उंच फळीवर ठेवणे, आणि खरेदीदाराने कधीही येऊन पाहणे. कॅनवर गवळ्याचे नाव असावे आणि त्याचे दूध भट्टीवर जाईपर्यंत दुसऱ्यात मिसळू नये. बड्या डेअरीला हे अवघड आहे, तिच्या टँकरमध्ये शंभर गावे एकत्र येतात. छोट्याला सोपे आहे. छोट्याकडे असा फायदा क्वचितच असतो.

दावा लिहिताना शब्द मोजून वापरावेत. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी २०१८ चे नियम आहेत. दावा खरा हवा, नि:संदिग्ध हवा, दिशाभूल करणारा नको. ‘हार्मोनमुक्त’ त्यात बसवणे कठीण, कारण तसे दूधच नसते. ‘केमिकलमुक्त’ तर विचारूच नका. दूध हेच रसायनांचे बनले आहे. दुकानात लावायची पाटी अशी असावी: ‘आमचे दूध अमुक गवळ्यांकडून येते. या म्हशींना पान्ह्याचे इंजेक्शन दिले जात नाही, असे त्यांनी लिहून दिले आहे. कागद गल्ल्याजवळ ठेवला आहे, पाहायला मागावा.’ आणि तो कागद खरोखर गल्ल्याजवळ असावा, दर सहा महिन्यांनी नव्या तारखेने सही करून घेतलेला. ज्या गवळ्याने सही दिली नाही त्याचे नाव पाटीवर नसावे, मग तो सगा भाऊ का असेना.